जपून, बर्फ गरम आहे

मे महिन्यात भाचा आमच्याकडे राहायला येतो. मामाच्या गावाला जायची पद्धत आमच्यात अजून टिकून आहे. गावाच्या जागी तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आला, आमराईच्या जागी दोन डझनांची पेटी आली आणि विहिरीच्या जागी वायफाय आलं, एवढंच. दुपारभर तो त्या वायफायमध्ये डुंबत असतो आणि मी काठावरून 'जेवायला चल' म्हणून हाका मारत असतो.

यंदा तो अंतराळात होता. कॉम्प्युटरवर एक यान घ्यायचं, या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर भटकायचं, नवे ग्रह दिसले की त्यांची नोंद करायची. नोंदीचे पैसे मिळतात, त्या पैशांतून मोठं यान घ्यायचं आणि आणखी लांबच्या ग्रहांची नोंद करायची. मी मोजणी खात्यात तेहतीस वर्षं हेच केलं, फक्त मला यान बदलून मिळालं नाही. त्यामुळे हा खेळ मला बघताक्षणी कळला. प्रत्येक ग्रहाचा तिथे एक सातबारा असतो: आकार अमुक, गुरुत्वाकर्षण तमुक, जमिनीचा प्रकार, तापमान. खेळाचं नाव मी सांगत नाही. पुढे जे लिहिणार आहे त्यात त्या बिचाऱ्यांची थोडी बेअब्रू आहे, आणि कुणाच्या उताऱ्यातल्या चुका चारचौघांत वाचून दाखवू नयेत हे मी नोकरीत शिकलो.

परवा बाहेर एक्केचाळीस अंश होते. भाचा ओरडला, "मामा, लवकर ये, बर्फाचा ग्रह!" मी गेलो. पडद्यावर पांढरंशुभ्र मैदान, निळसर भेगा, क्षितिजावर बर्फाचे कडे. बघूनच घामाची एक धार कमी झाली. मग सहज माझी नजर उताऱ्याकडे गेली. जमिनीचा प्रकार: बर्फाळ. तापमान: सातशे.

"सातशे अंश?" मी म्हणालो.

"अंश नाही, केल्विन."

हा केल्विन मला आदल्याच दिवशी भेटला होता. एका ग्रहावर तीनशे दहा लिहिलेलं बघून मी 'बापरे, भाजून निघेल' म्हणालो, तेव्हा भाच्याने शांतपणे सांगितलं होतं की त्यातून दोनशे त्र्याहत्तर वजा करायचे, उरतात सदतीस, म्हणजे तुझ्या अंगाइतकं. तेव्हापासून मला दिवसभर तीनशे दहाचा ताप असल्यासारखं वाटत होतं. आता मी लगेच वजाबाकी केली. सातशेतून दोनशे त्र्याहत्तर गेले, चारशे सत्तावीस. शिसं वितळायला तीनशे सत्तावीस पुरतात. म्हणजे या ग्रहावर शिशाचं पाणी होईल आणि पाण्याचा मात्र दगड राहील.

"हे चूक आहे," मी म्हणालो.

"नसेल कदाचित," भाचा म्हणाला. "लावतोस पैज?"

पैज मस्तानीची लागली. न्यायाधीश म्हणून त्याच्या मामीची नेमणूक झाली, आणि तिने पहिला हुकूम असा दिला की निकाल लागेपर्यंत माठ भरायचं काम तुम्ही दोघांनी वाटून घ्या. उन्हाळ्यात ते काम माझ्याकडे असतं.

माठावरूनच मला माझा मुद्दा सुचला. माठ पाणी गार कसं करतो? पाझरलेलं पाणी वाफ होऊन जाताना उष्णता सोबत घेऊन जातं. बर्फाचंही तसंच. हवा नसलेल्या ग्रहावर बर्फाचं पाणी होत नाही, तो सरळ वाफ होऊन उडतो, आणि एक किलो बर्फ असा उडवायला सुमारे अठ्ठावीस लाख ज्यूल लागतात. सातशे केल्विनला साजेसा उन्हाचा मारा म्हणजे दर चौरस मीटरवर साधारण साडेतेरा किलोवॅट. घरातला गिझर दोन किलोवॅटचा धरा. एका सतरंजीएवढ्या जागेवर सात गिझर रात्रंदिवस चालू. मी पाकिटाच्या पाठीवर हिशोब केला. तीन मिनिटांत एक मिलिमीटर बर्फ साफ. दिवसाला हातभर. वर्षाला दीडशे मीटरच्या वर. शंभर किलोमीटर जाडीचा बर्फ सहा-सातशे वर्षांत संपला, म्हणजे यादवांच्या देवगिरीत कुणी हा ग्रह पाहिला असता तर तो आजपर्यंत टिकला नसता.

आणि खरी गंमत पुढे आहे. जोवर तो बर्फ उडतोय, तोवर त्याचा पृष्ठभाग सातशेला पोचतच नाही. माठासारखा तो स्वतःला गार ठेवतो, शून्याच्याही बराच खाली. सगळा बर्फ गेला की मगच खालचा दगड तापायला लागतो. म्हणजे उताऱ्यावर 'बर्फाळ' तरी लिहा नाहीतर 'सातशे' तरी. वहिवाट एकाचीच लागेल.

याला पुरावाही आहे. डिसेंबर २०११ मध्ये लव्हजॉय नावाचा एक धूमकेतू सूर्याच्या इतक्या जवळून गेला की सूर्याच्या पृष्ठभागापासून अंतर जेमतेम एक लाख चाळीस हजार किलोमीटर. आजूबाजूचं प्रभामंडळ दहा लाख अंशांच्या पुढचं. ऑस्ट्रेलियातल्या टेरी लव्हजॉय या हौशी निरीक्षकाने तो जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी शोधला होता, आणि तज्ज्ञांनी जवळजवळ त्याचं तेरावं उरकून टाकलं होतं. हे बर्फाचं ढेकूळ पलीकडच्या बाजूने जिवंत बाहेर आलं. प्रभामंडळ फार विरळ, मुक्काम फार थोडा, आणि उडणाऱ्या वाफेने आतल्या बर्फाला सांभाळलं. पुढे काही दिवसांतच तो फुटला, ही गोष्ट वेगळी. लग्नघरातून धडधाकट बाहेर पडून माणूस घरी येऊन आडवा होतो, तसं.

"म्हणजे मस्तानी माझी," मी म्हणालो.

भाचा तोवर वाचत बसला होता. या पोरांचं एक आहे, आपण हिशोब करेपर्यंत ती वाचून काढतात. "मामा, तू बर्फ म्हणतोस तो कुठला?"

"कुठला म्हणजे? बर्फ. फ्रीजमधला."

"तो पहिला. असे वीस-एक प्रकार आहेत."

इथे मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली, कारण कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या होत्या आणि तिला तेवढा वेळ होता. भाच्याने तिला समजावलं ते असं. कुकरमध्ये पाणी शंभरला उकळत नाही, कारण वर दाब असतो. दाब दुप्पट झाला की उकळायला एकशे वीस अंश लागतात आणि डाळ शिजते. तसाच दाब वितळण्यावरही चालतो. आता आपला रोजचा बर्फ जरा विक्षिप्त आहे. त्याला दाबलं तर तो उलट लवकर वितळतो, कारण पाणी त्याच्यापेक्षा कमी जागेत मावतं. दोन हजार वातावरणांच्या आसपास तो शून्याखाली बावीस अंशांवरच पाणी होतो. पण आणखी दाबत गेलं की तो हट्ट सोडतो, रेणू नव्याने रांगा लावतात आणि वेगळाच बर्फ तयार होतो. हे बर्फ पाण्यात बुडतात आणि दाब वाढला की त्यांचा वितळबिंदू वर चढतो. हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी उभं आयुष्य वस्तू दाबण्यात घालवलं. १९१२ साली त्यांनी पाचवा आणि सहावा बर्फ शोधला, १९३७ साली सातवा. १९४६ चं नोबेल त्यांना या दाबण्याबद्दलच मिळालं. या सातव्या बर्फाला पंचवीस हजार वातावरणांएवढा दाब दिलात तर शंभर अंशांवरही तो बर्फच राहतो.

"म्हणजे चहा उकळेल एवढ्या गरम बर्फाचे खडे," मामी म्हणाली.

"हो, मामी."

"मग मामा हरला."

मी अपिलात गेलो. हा बर्फ कुणी डोळ्यांनी पाहिलाय का? पाहिलाय. २०१८ साली पृथ्वीच्या पोटातून आलेल्या हिऱ्यांमध्ये त्याचे कण सापडले. हिरा खोल तयार होताना थोडं पाणी आत अडकलं. हिरा वर आला, पण आतला दाब त्याने सोडला नाही, आणि पाणी त्या दाबाखाली गोठलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे पिळाने सुंभच जळू दिला नाही.

मग भाच्याने हुकमाचा पत्ता टाकला. सिंह राशीत, सुमारे बत्तीस प्रकाशवर्षांवर, ग्लीज ४३६ नावाचा एक लाल खुजा तारा आहे. २००४ साली त्याच्याभोवती एक ग्रह सापडला; नेपच्यूनच्या वजनाच्या जवळपासचा, पण ताऱ्याला इतका चिकटून की त्याचं वर्ष आपल्या अडीच दिवसांहून जरासंच मोठं. तिथे दर तीन दिवसांत एकदा तरी गुढी उभारावी लागेल. २००७ साली तो ताऱ्यासमोरून सरकताना दिसला, त्यावरून त्याचा आकार कळला, आकार आणि वजन यांवरून घनता कळली, आणि घनतेवरून लोकांनी अंदाज बांधला की याच्या पोटात बरंच पाणी असावं. वरचं तापमान मोजलं तर चारशे अंश सेल्सिअसच्या पुढे. मग वर्तमानपत्रांतून 'जळता बर्फ' झळकला. दाब एवढा की चारशेच्या पुढेही पाणी गोठलेलं, असं चित्र. (घनतेचं कोडं दगड आणि हायड्रोजन-हेलियम धरूनही सुटतं, म्हणून तो बर्फ तिथे आहेच असं कुणी शपथेवर सांगत नाही. ही ओळ वर्तमानपत्रांत फारशी आली नाही.)

या मंडळींच्या भाषेवर मला मात्र एक आक्षेप नोंदवायचा आहे. युरेनस आणि नेपच्यूनला खगोलशास्त्रज्ञ 'बर्फाळ महाग्रह' म्हणतात. मी समजत होतो की तिथे सगळं गोठलेलं असणार. आत बघायला जावं तर पाणी, अमोनिया आणि मिथेन यांचा हजारो अंशांवरचा दाट काढा. पण त्यांच्या बोलीत या पदार्थांना, ते कोणत्याही अवस्थेत असोत, 'बर्फ' म्हणायचं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. बरं, कथील तरी कथील असावं. याच लोकांच्या बोलीत हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेलं सगळं 'धातू'. ऑक्सिजनसुद्धा. म्हणजे आपण नाकाने धातू ओढतो. आमच्या खात्यात एकदा तीन मजली इमारत 'भातखाचर' म्हणून लागली होती, त्याबद्दल आम्ही बोलणी खाल्ली. हे लोक आकाशभर तेच करतात आणि त्यांना नोबेल मिळतं.

आणि काळा बर्फ तर मी मुद्दामच सांगतो, कारण तो ऐकून आमच्या कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याची आठवण येईल. २०१९ साली अमेरिकेत लेझरच्या धक्क्यांनी पाण्याला दहा लाख वातावरणांच्या पुढे दाबलं. तापमान दोन-तीन हजार अंश, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या निम्म्याजवळ. ऑक्सिजनचे अणू बाकांवर शहाण्यासारखे बसलेले आणि हायड्रोजनचे अणू बाई वर्गाबाहेर गेल्यासारखे मधून पळतायत, असा तो बर्फ. प्रकाश त्यातून आरपार जात नाही. टिकला सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता. एवढ्या वेळात काला खट्टा ओतायचा तर गोळेवाल्याचा हात चांगलाच चपळ हवा.

एवढं सगळं झाल्यावर पैज हरलो असं मी म्हणणार, तेवढ्यात भाच्याने त्या सातशेच्या मैदानावर यान उतरवलं. चार पाय टेकले. दार उघडलं. त्याचा माणूस बाहेर आला आणि बर्फावर उड्या मारायला लागला.

"थांब," मी म्हणालो. "हा उभा कुठे आहे?"

सगळी गोम इथेच होती. गरम बर्फ खरा आहे, मान्य. पण तो दाबाने बर्फ आहे, आणि दाब म्हणजे डोक्यावर कुणीतरी बसलेलं असणं. चारशे सत्तावीस अंशांवर पाणी गोठलेलं ठेवायचं तर एक लाख वातावरणांहून जास्त दाब लागतो. समुद्राच्या सगळ्यात खोल जागी, मारियाना गर्तेत, तो अकराशेच्या आसपास असतो. एवढा भार फक्त ग्रहाच्या पोटातच असू शकतो. वरून जावं तर आधी वाफ, मग आणखी दाट वाफ, मग ना वाफ ना पाणी असा एक प्रकार, कारण तीनशे चौऱ्याहत्तर अंशांच्या वर या दोघांतला फरकच मिटतो. आणि असं शेकडो किलोमीटर गेल्यावर कुठेतरी बर्फ. पाय ठेवायला जागा अशी नाहीच. भाच्याच्या पडद्यावर तर आकाश स्वच्छ काळं होतं, तारे दिसत होते. हवा शून्य, दाब शून्य, आणि खाली सातशेचा बर्फ.

शुक्रावर दाब फक्त ब्याण्णव वातावरणांएवढा आहे, उष्णता साधारण या ग्रहाएवढीच. १९८२ साली रशियनांचं व्हेनेरा १३ तिथे उतरलं. खास त्याच कामासाठी बनवलेलं यान, आणि टिकलं एकशे सत्तावीस मिनिटं. एवढी चिवट यंत्रं जिथे दोन तासांत गतप्राण होतात, तिथे हा पोरगा त्याच्या हजार पटींहून जास्त दाबाच्या बर्फावर लंगडी घालतोय. अशा जागी उतरलेल्या यानाचं काय होईल ते बघायचं असेल तर एस.टी.च्या चाकाखाली आलेलं पावडरीचं डबडं बघावं.

मामी म्हणाली, "म्हणजे बर्फ खरा, पण जागा चुकली."

"बरोबर. गट नंबर चुकलाय."

"मग निम्मी मस्तानी."

पण भाचा हार मानणाऱ्यातला नाही, तो माझ्या बहिणीचा मुलगा आहे. तो म्हणाला, "आणि बुध?"

बुधावर दिवसाचं तापमान चारशे तीस अंशांपर्यंत जातं. म्हणजे आमचा ग्रह आणि बुध, उन्हात दोघं सख्खे भाऊ. आणि बुधावर बर्फ आहे! १९९१ साली पृथ्वीवरून रडारचे किरण सोडले तर ध्रुवांजवळून ते बर्फावरून यावेत तसे लख्ख परत आले. २०१२ साली मेसेंजर यानाने ते पक्कं केलं. बुधाचा आस जवळजवळ ताठ आहे, त्यामुळे ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाशी ऊन कधी पोचतच नाही. हवा नाही म्हणून शेजारची उष्णताही वाहून येत नाही. उन्हात शिसं वितळतंय आणि सावलीत बर्फ निवांत. बुधावरच्या विवरांना साहित्यिक-कलावंतांची नावं देतात. त्यात आपले कालिदास आहेत, वाल्मीकी आहेत, व्यास आहेत, तानसेनही आहेत, आणि सगळे उन्हात. उत्तर ध्रुवाशी बर्फात बसलाय तो इंग्लंडचा टॉल्किन. मेघदूत लिहिणाऱ्याला ढग नाही आणि बर्फही नाही, पण वाटपाच्या तक्रारी ऐकण्यात माझी हयात गेली, म्हणून मी यावर आणखी बोलत नाही.

ऊन न पोचणं म्हणजे काय चीज आहे हे आपल्या विक्रम यानानेही दाखवलं होतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रयान ३ मधल्या एका काठीवजा उपकरणाने चंद्राच्या मातीत टोचून बघितलं: वर पन्नासच्या पुढे, आणि फक्त आठ सेंटीमीटर खाली शून्याखाली दहाच्या आसपास. चार बोटांत साठ अंशांचा फरक. इतकी गोधडी आमच्या आजीलासुद्धा शिवता आली नसती.

मग या खेळवाल्यांचं नेमकं चुकलं कुठे? माझा आपला अंदाज आहे, पण तो तेहतीस वर्षांच्या अनुभवाचा आहे. एवढे ग्रह कुणी हाताने रंगवत नाही, सूत्रांवरून यंत्र ते करत जातं. ही कल्पना जुनी आहे. १९८४ साली केंब्रिजमधल्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी 'एलीट' नावाचा खेळ केला. बत्तीस किलोबाइट स्मृतीच्या यंत्रात त्यांनी आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत दोनशे छप्पन्न ग्रह. आज आमच्या गटावर येणारा एक 'शुभ सकाळ'चा गुलाब त्या सगळ्या विश्वापेक्षा जड असतो. वर्णनंही सूत्रानेच, म्हणून कुठल्यातरी ग्रहाची ख्याती 'शून्य गुरुत्वाकर्षणातलं क्रिकेट' अशी निघायची. आताची यंत्रं मोठी झाली, पद्धत तीच. एका टेबलावर ठरलं की या ग्रहात पाणी जास्त, मारला 'बर्फाळ'चा शिक्का. फाईल दुसऱ्या टेबलावर गेली, तिथे तारा जवळ दिसला, लिहिले सातशे. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर. दोन्ही टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि मधला शिपाई, जो म्हणाला असता 'साहेब, हे जमत नाही', तो संगणकात ठेवलेला नाही.

"एक काम कर," मी भाच्याला म्हणालो. "ध्रुवावर जा. खोल विवर शोध. तळाशी अंधारात उतर. तिथे बर्फ असेल तर मी पूर्ण मस्तानी देतो, वर आइस्क्रीमचा आणखी एक गोळा."

अर्धा तास यान फिरलं. शेवटी ध्रुवाजवळ एक झकास विवर मिळालं, कडा उंच, तळ काळामिट्ट. भाच्याने दिवे लावून यान खाली नेलं. पाय टेकले. प्रकाशात बर्फ चमकला. मला खरंच आनंद झाला. माझ्या हिशोबाने इथे शून्याखाली दीडशे-दोनशे तरी हवं होतं.

आम्ही दोघांनी एकदमच उताऱ्याकडे बघितलं. सातशे.

"सावलीत पण सातशेच?" भाचा म्हणाला.

तो पुन्हा वर उन्हात गेला. सातशे. पलीकडे रात्रीच्या बाजूला नेलं. सातशे. एका कड्याच्या टोकावर, एका दरीच्या तळाशी, सगळीकडे सातशे. अख्ख्या ग्रहाला मिळून एकच आकडा. आमच्याकडेही टीव्हीवर रोज शहराचा एक आकडा सांगतात, पण शिवाजीनगरला मोजलेला तो आकडा आमच्या पश्चिमेच्या गॅलरीला कधी लागू पडलाय?

"आता मस्तानीचं काय?" भाच्याने विचारलं.

न्यायाधीशांना विचारायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. न्यायाधीश माठासमोर उभ्या होत्या. दुपारभर आम्ही दोघं अंतराळात असल्याने माठ कुणीच भरला नव्हता. मी हात लावून पाहिला. कोरडा ठणठणीत, आणि भिंतीइतकाच गरम.